रुखवतातली बिअर

पिवळी नऊवारी नेसलेली बाटली मी प्रेशर गेजच्या स्टँडमध्ये उभी केली. बाटलीला नाक जिथे असावं असं कुणीतरी ठरवलं होतं तिथे मोत्यांची नथ चिकटवली होती. पदर झाकणावरून घेतला होता, तो मी मागे सारला. गॉगल नीट बसवला, समोर ॲक्रिलिकची ढाल ओढली आणि गेजची सुई झाकणात घुसवली.

काटा शेवटच्या आकड्यापलीकडे गेला आणि तिथल्या खिळ्याला टेकून राहिला.

“ही बिअर नाही,” माझा बॉस ग्लेन म्हणाला. “हा फायर एक्स्टिंग्विशर आहे. साडीतला.”

साठे काका लॅबच्या दाराबाहेर उभे होते. गॉगलशिवाय आत येता येत नाही, आणि गॉगल त्यांच्या चष्म्यावर बसत नव्हता.

“अनघा, किती आलं?”

“काका, आकडाच नाहीये.”

“म्हणजे कमी?”

“नाही.”

मी सिॲटलजवळच्या बॉथेलमध्ये एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही बिअर बनवणाऱ्यांना यीस्ट विकतो आणि त्यांची बिअर तपासून देतो. गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक लहान ब्रूअरी, आणि घरी गॅरेजमध्ये बिअर बनवणारी हौशी मंडळी. मी नाशिकची, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. बिअर फारशी पीत नाही. मोजते.

काकांना मी मराठी मंडळामुळे ओळखते. ते मला घरी जेवायला बोलवतात, मी जाते आणि फार बोलत नाही. दोघांनाही ते चालतं. शनिवारी त्यांच्या मुलीचं, इराचं, लग्न होतं. मुलगा विस्कॉन्सिनचा. त्याचे वडील डेनिस कित्येक वर्षं तळघरात बिअर बनवतात. साखरपुड्याला त्यांनी काकांना स्वतःची रेसिपी दिली, तांबूस रंगाच्या एका बिअरची. कदाचित सहजच दिली असेल. पण व्याह्यांनी काही दिलं आणि आपण ते सहज घेतलं, असं आपल्याकडे होत नाही. काकांनी पातेली, नळ्या, प्लॅस्टिकचे मोठे ड्रम आणले, यीस्ट आमच्या कंपनीचं घेतलं आणि हिवाळाभर गॅरेजमध्ये राबले. लग्नात डेनिसना त्यांचीच बिअर पाजायची होती.

इथपर्यंत ठीक होतं. बिअर चांगली झाली होती, मी चाखली होती. गडबड बाटल्या भरताना झाली. काकूंनी सुचवलं की ही बिअर रुखवतात मांडू या.

रुखवत म्हटलं की एकट्या घराचं काम नसतं. कुणी क्रोशाची तोरणं करतं, कुणी साखरेचं तुळशीवृंदावन. तशीच बिअर पाच घरांत वाटली गेली. प्रत्येक घराने आपल्या वाट्याच्या बाटल्या भरायच्या, बंद करायच्या, सजवायच्या आणि लग्नाच्या आठवड्यात आणून द्यायच्या. मंगळवारी काकांच्या काचेच्या, उबदार सनरूममध्ये बाटल्यांचा मनोरा उभा राहिला. त्याच संध्याकाळी वरच्या ओळीतली एक नऊवारी फुटली. कुणाला लागलं नाही. तुळशीवृंदावन मात्र गेलं.

बुधवारी सकाळी काका मिनीव्हॅन घेऊन आमच्या दारात.

आता बिअरमध्ये गॅस कसा येतो ते सांगते. तयार झालेल्या बिअरमध्ये यीस्ट जिवंत असतं, पण त्याला खायला काही उरलेलं नसतं. बाटली बंद करण्याआधी थोडी साखर घालतात, तिला प्रायमिंग शुगर म्हणतात. यीस्ट ती खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि झाकण बंद असल्यामुळे तो बिअरमध्ये विरघळतो. हा गॅस आम्ही ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतो. एक बाटली बिअरमध्ये अडीच बाटल्या मावतील एवढा गॅस दाबून बसवला असेल तर अडीच व्हॉल्यूम. नेहमीच्या बिअरला तेवढा पुरतो. तीनच्या पुढे साध्या बाटलीची काळजी वाटू लागते. चारच्या पुढे आपली.

अडीच व्हॉल्यूमसाठी एका बाटलीला साधारण अर्धा चमचा साखर लागते. चहाचा छोटा चमचा, सपाट.

“मी सगळ्यांना मोजायचा चमचा दिला होता,” काका म्हणाले. “ऑनलाइन मागवले. प्रत्येक घरी एक. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकला. सगळ्यांनी अंगठा दाखवला.”

“व्हिडिओ बघितला का पण?”

काकांनी चष्मा काढून पुसला. ते तीस वर्षं सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेज करत होते. अंगठ्याचा अर्थ त्यांना माहीत होता.

बाटल्या सजवलेल्या होत्या म्हणून कुठली कुणाच्या घरची ते कळत होतं, हे एक नशीब. नऊवारी जोशी काकूंची. फेटेवाल्या पाटील मावशींच्या. क्रोशाचं स्वेटर देव काकूंचं. मणी आणि टिकल्या साठ्यांच्या घरच्या. आणि रानडेंच्या बाटल्यांवर नुसता क्यूआर कोड होता.

मी सगळ्या क्रेट कोल्ड रूममध्ये ठेवल्या. थंडीत यीस्ट झोपतं आणि गॅस बिअरमध्येच राहतो, त्यामुळे बाटली हाताळणं कमी धोक्याचं होतं. मग प्रत्येक घरची एकेक तपासली. साठ्यांची सव्वादोन ते अडीचच्या मध्ये, अगदी हवी तशी. फेटा तीनच्या वर. स्वेटरमध्ये जवळजवळ काहीच नाही. रानडेंचीही तशीच, निवांत. नऊवारीचं सांगितलंच.

“एकाच पिंपातली बिअर, आणि पाच वेगळे आकडे,” ग्लेन म्हणाला. “या लोकांना विचार त्यांनी काय केलं.”

“ईमेल करते.”

“फोन कर.”

मला फोन करायला आवडत नाही. त्यातून मराठीत, मोठ्या माणसांना, चौकशीसाठी. इंग्लिश मीडियममध्ये शिकल्यामुळे मला मराठीत नम्रपणे आरोप कसा करतात ते येत नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी पहिला फोन जोशी काकूंना लावला.

“काकू, बाटलीत साखर किती घातलीत?”

“अगं, चमचाभर. वर थोडी.”

“त्यांनी दिलेला चमचा?”

“तो होय! तो मला औषधाचा वाटला. एवढीशी साखर घालून लग्नाला वस्तू पाठवायची? लोक म्हणतील जोशांनी हात आखडला. का गं, कमी पडली?”

“नाही काकू. पुरली.”

“मग झालं तर. तुझं काय, यंदा बघायचं की नाही? माझ्या भाच्याचा मित्र सिॲटलमध्येच असतो.”

पाटील मावशी कोल्हापूरच्या. त्यांनी साखर घातलीच नव्हती.

“साखरेला काय चव असते व्हय? गूळ घातला. आमच्या गावचा, मागच्या खेपेला आणलेला. आणि किंचित वेलची.”

“वेलची?”

“गोडाचं म्हटल्यावर वेलची लागतेच की.”

देव काकूंनी मोजून अर्धा चमचा घातला होता. सपाट. व्हिडिओ दोनदा पाहून. मी एकदम आशेने विचारलं, “कुठली साखर काकू?”

“यांना डायबिटीस झाल्यापासून घरात साखर आणतच नाही. ती हिरव्या पाकिटातली शुगर-फ्री असते ना, ती. सगळ्यांनाच बरी.”

सगळ्यांना म्हणजे माणसांना. यीस्टला ती खाता येत नाही. देव काकूंचं यीस्ट गेले तीन आठवडे स्वेटर घालून उपाशी बसलं होतं.

राहिले रानडे. हे काका नव्हेत, माझ्याहून थोडेच मोठे आहेत, बायको भारतात गेली होती म्हणून बाटल्या त्यांच्या गळ्यात पडल्या.

“साखर बरोबर घातली,” ते म्हणाले. “हाफ टीस्पून. गॅरेजमध्ये ठेवल्या. आठवड्याने एक उघडली तर गॅसच नाही यार. मग सगळ्या उघडून परत हाफ घातली.”

“आणि मग?”

“पुढच्या आठवड्यात परत चेक केलं. नथिंग. परत घातली. रिट्राय.”

“गॅरेज गरम होतं का?”

“गॅरेज कोण गरम करतं?”

आमच्याकडच्या हिवाळ्यात गॅरेज म्हणजे जवळपास फ्रीजच. त्यांचं यीस्ट झोपलं होतं आणि ते त्याच्या उशाशी पुन्हा पुन्हा ताट वाढून ठेवत होते. मी परत जाऊन त्यांच्या एका बाटलीतली बिअर उंच नळकांड्यात ओतली आणि तीत हायड्रोमीटर सोडला. ही काचेची तरंगणारी कांडी असते, साखर जास्त असेल तर वर तरंगते. कांडी चांगलीच वर आली. बाटली आज शांत होती. रुखवतावर दिवे लावून गरम हॉलमध्ये ठेवली की यीस्ट जागं होणार आणि तीन जेवणं एकदम जेवणार.

हे मी काकांना सांगितलं.

“थांब, म्हणजे नऊवारी बाजूला काढल्या तर बाकीच्या चालतील ना?”

“नाही. नऊवारीचा धोका निदान काट्यावर दिसतो तरी. रानडेंच्या शांत आहेत त्या जास्त वाईट.”

“रानडे तसाच आहे,” काका म्हणाले. मग हळू आवाजात, “अनघा, तू रिपोर्ट दिलास तर हॉलवाले अडवणार नाहीत. घरच्या बिअरसाठी त्यांना नुसता लॅबचा कागद हवाय. शनिवारी डेनिस येतायत गं. त्यांच्या हातात काय देऊ? आणि या चार घरांना काय सांगू, तुमची चुकली म्हणून? लग्नाच्या आठवड्यात?”

त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पण मुलं रुखवताजवळच खेळतात, हे मला माझ्या मावसबहिणीच्या लग्नापासून माहीत आहे. कारण मीच खेळत होते.

“नाही काका,” मी म्हणाले. “टेबलावर एकही बाटली ठेवता येणार नाही.”

मी मोठ्या माणसाला सरळ नाही म्हटलं होतं.

तेवढ्यात साठे काकू आल्या. हातात डबा होता, कारण ग्लेनकडे पहिल्यांदाच जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं. त्यांना सगळं सांगितलं. मी विचारलं, तुमच्याच बाटल्या बरोबर कशा निघाल्या?

“हे व्हिडिओ करत होते तेव्हा मीच मोबाइल धरला होता ना. आणि ठेवल्या ओव्हनमध्ये, आतला दिवा लावून. इडलीचं पीठ ठेवते तशाच. थंडीत नाहीतर फुगतं कुठे काही?”

ग्लेनने हे भाषांतर करून घेतलं आणि म्हणाला, “आपला तीन हजार डॉलरचा इन्क्यूबेटर तेच करतो.”

उपाय एकच होता. सगळ्या बाटल्या बर्फासारख्या थंड करायच्या, ढालीमागे एकेक झाकण हळूहळू सैल करायचं, फेस बसू द्यायचा आणि सगळी बिअर केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या बंद पिंपात, ओतायची. मग सिलिंडरमधून गॅस सोडून अडीच व्हॉल्यूमवर आणायची. यात साखर-यीस्टची मर्जी लागत नाही, प्रेशरचा नॉब फिरवायचा. केग थंडच ठेवला तर रानडेंचं यीस्ट झोपलेलं राहणार. शनिवारी नळ लावायचा आणि ग्लास भरायचे.

“म्हणजे बिअर मिळणार,” काका म्हणाले.

“आणि रुखवत?” काकू म्हणाल्या. “त्या पोरींनी एकेका बाटलीला निऱ्या काढल्यात. ते रिकामं मांडू?”

“रिकाम्या बाटल्या ठेवता येतील,” मी म्हणाले.

“रिकाम्या? रुखवतात?” काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी बिअरच पुन्हा भरून देणार होते. मग विचारलं, “रंग कसा आहे गं बिअरचा?”

“तांबूस. कोऱ्या चहासारखा.”

“मग कोरा चहाच भरू. उघडून कोण बघतंय!”

गुरुवारी आणि शुक्रवारी लंच ब्रेकमध्ये आमच्या लोडिंग डॉकवर हे काम झालं. मी गॉगल आणि जाड हातमोजे घालून झाकणं सोडत होते. जोशी काकूंच्या बाटल्यांतून फेस अर्धा मीटर वर जायचा. काका ओतत होते. काकू बाटल्यांची वस्त्रं उतरवत आणि चहा भरून झाला की पुन्हा नेसवत होत्या. नऊवारीला फार वेळ लागला. केगमध्ये गॅस लवकर मुरावा म्हणून केग हलवावा लागतो. काकांनी एक मांडीवर आडवा घेतला आणि डोलू लागले. डिलिव्हरीचा ट्रकवाला बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने मला विचारलं, “मुलगा की मुलगी?”

शुक्रवारी संध्याकाळी मी दोन्ही केग मोजले. अडीच. रिपोर्टवर सही केली.

शनिवारी बिअर संपली. डेनिस उंच, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी पहिला घोट घेऊन ग्लास उजेडात धरला. गॅस उत्तम, फेस उत्तम. “मागे एक वास आहे,” ते म्हणाले. “वेलची?”

“बॉथेलचं पाणी,” काका म्हणाले.

व्याह्यांनी दुसरा ग्लास मागितला. काकांनी लांबून माझ्याकडे पाहून मान हलवली. मी नळापाशी उभी होते आणि मला घरी जावंसं वाटू लागलं होतं, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं.

मग डेनिस रुखवत बघायला गेले. त्यांनी सगळं नीट पाहिलं, हात मागे बांधून, म्युझियममध्ये पाहावं तसं. मनोऱ्यासमोर मात्र थांबले. एक फेटेवाली बाटली उचलली, फेटा अदबीने काढून खिशात ठेवला, आणि किल्ल्यांच्या जुडग्यातला ओपनर लावला. होमब्रूअर ओपनरशिवाय घराबाहेर पडत नाहीत हे मला माहीत होतं. मी ते सांगायला हवं होतं.

झाकण निघालं. आवाज आला नाही.

त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. काका तोवर पोहोचले होते. मीही.

“रंग सुंदर आहे,” डेनिस शेवटी म्हणाले. आवाज अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असा. “पण कार्बोनेशन अजिबात नाही. मला सांगा, प्रायमिंग शुगर घालायला विसरलात का?”

काकांच्या घशातून एक आवाज निघाला. ते हसतायत की काय ते मला कळलं नाही. मागे जोशी काकू उभ्या होत्या. त्यांनी ‘शुगर’ आणि ‘फरगेट’ एवढंच ऐकलं.

“नो, नो!” त्या पुढे आल्या. “आय पुट वन फुल स्पून! मोअर ऑल्सो!”

“आय पुट जॅगरी,” पाटील मावशी म्हणाल्या.

“अँड आय डिड इट थ्राइस,” रानडे म्हणाले.

डेनिसनी सगळ्यांकडे पाहिलं, मग बाटलीकडे. एवढी साखर घालूनही गॅस नाही, याचा घरी बिअर बनवणाऱ्याला एकच अर्थ लागतो. ते माझ्याकडे वळले. “यीस्ट तुमच्या कंपनीचं ना?”

माझ्याकडे दोन वाक्यं होती. एक खरं होतं. पण चार काकू ऐकत होत्या, इरा हार घालून उभी होती आणि काकांचा चेहरा बुधवारसारखा झाला होता.

“हो,” मी म्हणाले. “मी बघते काय झालं ते.”

डेनिसनी झाकण परत दाबून बसवलं आणि घरी न्यायला ती बाटली आणि आणखी एक फेटेवाली मागून घेतली. आमच्या यीस्टबद्दल ते एक शब्द वाईट बोलले नाहीत, आणि मला ते जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसमध्ये विस्कॉन्सिनहून पार्सल आलं. वर ‘यीस्ट सॅम्पल’ असं लिहिलं होतं. पोस्टाने बिअर पाठवायला परवानगी नाही म्हणून हौशी मंडळी असं लिहितात. या वेळी नियम मोडला गेला नव्हता. आत दुसरी एक बाटली होती, बंद, फेट्यासकट, आणि चिठ्ठी: यीस्टची ही बॅच खराब असेल तर इतर गिऱ्हाइकांना कळायला हवं, कृपया तपासून रिपोर्ट पाठवा, फी सोबत आहे.

ग्लेनने चिठ्ठी वाचली. “पेड सॅम्पल आहे,” तो म्हणाला. “पूर्ण टेस्ट कर. जे येईल ते लिही.”

मी टेस्ट केली. कार्बोनेशन: शून्य. अल्कोहोल: शून्य. यीस्ट: आढळलं नाही. रिपोर्ट पाठवण्याआधी मी स्वतःहून काकांना फोन केला.

“काका, खरं लिहावं लागेल. यीस्टवर आळ आलाय.”

फोनवर मागून काकूंचा आवाज आला, “काय म्हणतेय?”

“लिही,” काका म्हणाले. “लग्न झालंय आता.”

अभिप्रायाच्या जागी मी लिहिलं: यीस्टमध्ये दोष नाही. सॅम्पल चहाचं आहे. बिनसाखरेचं.

डेनिसचं उत्तर एका ओळीचं होतं. ते म्हणाले, हे वाचून बायकोला फार बरं वाटलं, कारण विस्कॉन्सिनला पोहोचल्यावर तिने पहिला घोट घेतल्याबरोबर हेच सांगितलं होतं आणि त्यांनी तिला वेड्यात काढलं होतं.

या कामातून मी एवढंच शिकले: लग्नाच्या कामात सगळ्यांची मदत जरूर घ्यावी. साखर मात्र एकानेच घालावी.